बुलेटचा प्रायमरी चेन टेन्शनर : झीज कशी ओळखावी?

गॅरेज चालविणाऱ्या आमच्या अनेक बांधवांकडे जुन्या, लोखंडी सिलिंडरच्या बुलेट आजही दुरुस्तीला येतात. मागच्या चाकाची चेन उघडी असल्याने तिच्याकडे सर्वांचे लक्ष असते. डाव्या बाजूच्या केसमध्ये झाकलेली प्रायमरी चेन मात्र खडखडू लागेपर्यंत कोणाला आठवत नाही. मग केस उघडून टेन्शनर कसला जातो, आवाज थांबतो व गाडी ग्राहकाच्या ताब्यात दिली जाते. पुढे तीच गाडी बेअरिंगचा मोठा खर्च घेऊन परत आली, तर ग्राहकाचे पैसे जातात आणि कारागिराचे नाव जाते. हे टाळण्यासाठी झिजलेल्या टेन्शनरकडे कसे पाहावे, याचा आज आपण विचार करू.

टेन्शनरचे काम

इंजिनाचे लहान स्प्रॉकेट व क्लचचे मोठे स्प्रॉकेट यांना ३/८ इंच पिचची दुहेरी चेन जोडते. या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे बोल्टने पक्का बसविलेला असतो. तो मागे सरकवून चेन ताणता येत नाही. म्हणून चेनच्या खालच्या पदराखाली रबरी थर असलेली वक्र पट्टी दिलेली आहे. ती वर उचलून चेनचा ढिलेपणा काढायचा व लॉकनट आवळायचा, एवढीच ही रचना आहे.

इंजिन गाडी ओढते तेव्हा चेनचा वरचा पदर ताणलेला व खालचा सैल असतो. ॲक्सिलरेटर सोडताच उलट होते. खालचा पदर ताणला जाऊन पट्टीवर दाबतो. शहरातील थांबत-चालत रहदारीत व घाट उतरताना असे वारंवार घडते. त्यामुळे पट्टी काही प्रमाणात झिजणारच. ती कशी झिजली आहे, हे महत्त्वाचे.

झीज काय सांगते?

१) रबरावर सारख्या खोलीचे उथळ चर असतील, तर ती नेहमीची झीज समजावी.

२) एका कडेचे चर जास्त खोल असतील, तर दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का, हे तपासावे. रेषा न सुधारता नवी पट्टी घातल्यास तीही तशीच खाल्ली जाईल.

३) रबर फुगले, तडकले किंवा सुटले असेल, तर पट्टी बदलावी आणि सुटलेले तुकडे केसमधून काढावेत. जुन्या टायरचा तुकडा चिकटविण्याचा मोह टाळावा.

४) रबर संपून खालचा धातू उघडा पडला असेल, तर चेन धातूवर घासत आहे. अल्टरनेटरचा रोटरही याच केसमध्ये असतो. तो चुंबकाचा असल्याने लोखंडी चुरा त्याला चिकटतो. तो पुसून काढावा व ऑइल बदलावे.

आधी चेन मोजा

पुष्कळदा दोष पट्टीत नसून चेनमध्ये असतो. चेनच्या पिना व बुश झिजले की तिची लांबी वाढते आणि टेन्शनर अधिकाधिक वर न्यावा लागतो. चेन काढून स्वच्छ धुवावी, ताणून धरावी व २४ पिच मोजावेत. नव्या चेनमध्ये ही लांबी २२८.६ मि.मी. भरते. त्यात सुमारे साडेचार मि.मी. वाढ, म्हणजे दोन टक्के, झाली असेल तर चेन बदलणेच योग्य. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वळले असतील, तर तेही बदलावेत. जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.

किती कसावे?

चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. म्हणून प्लग काढून, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळूहळू फिरवावे व पाच-सहा ठिकाणी चेन तपासावी. जेथे ती सर्वांत ताठ लागेल, तेथे वरच्या पदराच्या मध्यभागी वर-खाली मिळून सुमारे ६ मि.मी. चाळा ठेवावा. सैल जागी माप घेऊन कसल्यास ताठ जागी चाळा उरत नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे थंड इंजिनात ताठ असलेली चेन गरम इंजिनात आणखी ताणली जाते व तो ताण क्रँक आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. आवाज बंद झाला म्हणून काम चांगले झाले, असे समजू नये.

केसचे झाकण एकाच मोठ्या नटावर बसते. गळती थांबविण्यासाठी तो फार आवळल्यास झाकण वाकते आणि गळती वाढते. त्याऐवजी रबरी सील बदलावे. ऑइल लेव्हलच्या स्क्रूपर्यंत आहे याची खात्री करावी, कारण कोरडी चेन स्वतःबरोबर पट्टीलाही खाते.

२००८-०९ च्या सुमारास आलेल्या, इंजिन व गिअरबॉक्स एकत्र असलेल्या मॉडेलमध्ये स्प्रिंगचा स्वयंचलित टेन्शनर आहे. तो हाताने कसावा लागत नाही, परंतु त्याचीही पट्टी झिजते. २०२० मध्ये आलेल्या मिटिऑर ३५० मध्ये प्रायमरी चेनऐवजी गिअरच आहेत.

आमची सूचना अशी की, ग्राहकास जुनी पट्टी व चेनचे माप समोर दाखवावे आणि दोन्ही खर्च सांगावेत. त्याने फक्त टेन्शनर कसून मागितला, तर चेनचे माप व तारीख बिलावर लिहून द्यावी. पुढच्या वेळी गाडी आली की चेन किती वाढली, हे त्यालाही कळेल व आपल्यालाही.