दोन हजार रुपयांची खबर

माण, ता. मुळशी

चि. दादूस,


परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, ते माझ्या मनातून जाईना. उद्याच्या सामन्यात नवा चेंडू कोण टाकणार, कोणाचा खांदा दुखतोय, एवढं आदल्या रात्री सांगितलं तर एक ओळखीचा मुलगा दोन हजार रुपये द्यायला तयार आहे. वर तू म्हणालास, "आत्या, यात मी थोडाच सामना विकतोय?" फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहायला बसले.

तू सामना विकत नाहीस हे मला मान्य आहे. पण तो मुलगा पैसे कशाचे देतोय, ते तू त्याला विचारलंस का? संघ सकाळी नाणेफेकीच्या वेळी सगळ्यांनाच कळणार आहे. मग त्याला तो रात्रीच का हवा? कारण बाकीच्यांना कळायच्या आत कळणं, एवढाच सट्ट्याच्या बाजारातला खरा माल आहे. बॅट, चेंडू, तुझा इनस्विंग, यातलं त्याला काही नको.

गहुंज्याचं स्टेडियम आपल्या गावापासून काही लांबचं नाही. २०१२ साली ते सुरू झालं तेव्हापासून तू कोल्हापूरला जाईपर्यंत, तू आणि तुझे मित्र हिंजवडीची गर्दी तुडवत तिकडे पळायचात. मार्च २०२१ मध्ये तिथे भारत-इंग्लंड वनडे झाल्या. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी होती, गॅलऱ्या रिकाम्या. तरी सामना पाहायला माणसं आली होती. घोराडेश्वरच्या डोंगरावर आणि मामुर्डीच्या उंच इमारतीच्या गच्चीवर ताकदवान कॅमेरे लावून ती मैदानाकडे डोळे लावून बसली होती. पिंपरी-चिंचवड पोलिसांनी छापे घालून ३३ जणांना पकडलं. निरनिराळ्या राज्यांतून आलेले बुकी होते ते. घरात टीव्ही लावून पाहता आलं असतं की! पण मैदानात चेंडू पडल्यापासून तो आपल्या टीव्हीवर दिसेपर्यंत काही सेकंद जातात, मोबाइलवर तर त्याहून जास्त. गच्चीवरच्या माणसाला विकेट पडलेली आधी दिसते, तो फोनवर सांगतो, आणि भाव बदलायच्या आत पलीकडचा पैसे लावून मोकळा होतो. त्या काही सेकंदांसाठी इतकी माणसं डोंगर चढली. आणि त्यात लुटलं कोण गेलं? कुठल्या तरी गावात, खाटेवर पडून, मोबाइलवर सट्ट्याचा आयडी घेऊन शेदोनशे लावणारं पोरगं. त्याला वाटत होतं आपण आणि समोरचा एकच सामना बघतोय.

त्याच मैदानावरची आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०१७, न्यूझीलंडविरुद्धचा सामना. त्या दिवशी सकाळीच एका वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. बुकी असल्याचं सोंग घेऊन आलेल्या पत्रकारांशी खेळपट्टीचे क्युरेटर बोलत होते, खेळपट्टी कशी आहे ते सांगत होते. आयसीसीच्या चौकशीत खेळपट्टीत काही फेरफार केल्याचं सिद्ध झालं नाही. तरी त्यांना सहा महिन्यांची बंदी झाली, आणि ती कशासाठी, हे नीट वाच. अशी माणसं आपल्याकडे आली होती ही गोष्ट त्यांनी वरिष्ठांना कळवली नाही, यासाठी. ते स्वतः एके काळी महाराष्ट्राचे नावाजलेले वेगवान गोलंदाज. तुझे आजोबा त्यांच्या गोलंदाजीबद्दल भरभरून बोलायचे. आता त्यांचं नाव निघालं की लोक आधी ते चित्रण आठवतात. मला याचं फार वाईट वाटतं.

गच्चीवरच्याला काही सेकंद आधी कळतं, क्युरेटरला आदल्या दिवशी. आणि पुढचा चेंडू कसा पडणार हे तो पडायच्या आधी कोणाला ठाऊक असतं? फक्त तो टाकणाऱ्याला. म्हणून हा धंदा शेवटी गोलंदाजाच्या दारात येतो, दादू. आज संघ विचारणारा उद्या तुला षटक विचारणार आहे. एकदा घेतलेले दोन हजार हा त्याच्याकडचा पुरावा असतो. तू नाही म्हणालास तर तो तुला तोच दाखवेल.

मे २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांनी आयपीएलमधले राजस्थानचे तीन खेळाडू मुंबईत पकडले. ठरलेल्या षटकात ठरलेल्या धावा द्यायच्या, आणि ते षटक हेच हे कळावं म्हणून कमरेला टॉवेल खोचण्यासारखी खूण करायची, असा पोलिसांचा आरोप होता. त्यांतला एक आपल्या मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज, अंकित चव्हाण. २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केलं. पण बोर्डाने घातलेली आजीवन बंदी उठली नाही. अंकितची ती सात वर्षांवर आली तेव्हा २०२१ साल उजाडलं होतं. फिरकी गोलंदाजाची ऐन उमेदीची वर्षं कोणती, हे मी तुला सांगायला नको. खरं-खोटं कोर्टाने पाहिलं, मी त्यावर बोलणार नाही. एवढंच म्हणते की कोर्टातून सुटलेल्या माणसालाही ती वर्षं कोणी परत दिली नाहीत.

तू म्हणशील, सट्टा चोरून चालतो म्हणून हे सगळं होतं, उघड परवानगी दिली की गैरप्रकार थांबतील. आपल्याकडे क्रिकेट बोर्डाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या लोढा समितीनेही सट्ट्याला कायद्याच्या चौकटीत आणावं असं सुचवलं होतं, तेव्हा हा विचार काही अगदीच टाकाऊ नाही. पण अमेरिकेत आता बहुतेक राज्यांत खेळांवर पैसे लावणं कायदेशीर आहे, आणि तिथल्याच एनबीए या बास्केटबॉल लीगने एप्रिल २०२४ मध्ये टोरोंटो रॅप्टर्सच्या जॉन्टे पोर्टर नावाच्या खेळाडूवर कायमची बंदी घातली. त्याने सुरुवातीला काय दिलं असेल? आपल्या तब्येतीची खबर. त्यानंतर आजारी असल्याचं सांगून सामन्यातून लवकर बाहेर पडणं आलं. आणि हे का, तर स्वतःच जुगारात कर्ज करून बसला होता, ते फेडायला. कोणाचा खांदा दुखतोय हे विचारणाऱ्या तुझ्या ओळखीच्या मुलात आणि पोर्टरकडून खबर घेणाऱ्यांत मला काही फरक दिसत नाही.

आणि या धंद्याला खेळ लागतो तरी किती? २०२२ साली गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोलीपूर नावाच्या गावात शेतात मैदान आखलं, दिवे लावले, शेतमजूर आणि बेकार पोरांना आयपीएलसारख्या रंगांचे कपडे घातले आणि सामने यूट्यूबवर दाखवले. एका सामन्याचे चारशे रुपये मिळायचे पोरांना. प्रेक्षकांचा गलका इंटरनेटवरून घेतलेला, समालोचक हर्षा भोगल्यांच्या आवाजाची नक्कल करणारा. पंचाच्या हातात वॉकीटॉकी. तिकडून सांगतील तसा चौकार किंवा बाद. पैसे लावणारे रशियात बसलेले. लोक ही बातमी हसत वाचत होते. मला त्या पोरांचं वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा रंगीत जर्सी घालून दिव्याखाली खेळायला मिळालं, तेही चेंडू हळू टाक, मार खा, असं सांगून.

आता पैशाचं. मी बँकेच्या काउंटरवर होते त्या काळात आपल्या भागात जमिनींचा मोबदला आला. भाताची खाचरं एमआयडीसीत गेली आणि त्यांचे आकडे पासबुकात उतरले. तेव्हा लोकांनी उडवलेला पैसा डोळ्यांना दिसायचा. गाडी दिसायची, बंगला दिसायचा, मांडव दिसायचा. नंतरचा दिसेनासा झाला. एकदा एक बाई आल्या, मुलाबरोबरच्या जोड खात्याचं पासबुक भरून घ्यायला. मशीन थांबेचना, पान संपलं, दुसरं लागलं. ४९, ४९, ९९, ४९, मग पाचशे, मग एका तारखेला तीनदा दोन हजार. सगळ्या नोंदी मार्च ते मे, आयपीएलच्या दिवसांतल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, "ताई, एवढं बारीक बारीक काय गेलंय ते वाचून दावा." मी एकेक ओळ बोटाने दाखवत वाचत गेले आणि त्या प्रत्येक आकड्याला मान हलवत होत्या, जणू किराणाची यादी ऐकताहेत. शेवटी एफडी मोडल्याची नोंद आली तेव्हा मला पुढे वाचवेना.

त्या बाईंचा मुलगा वाईट नव्हता. क्रिकेट चांगलं कळायचं त्याला, आणि तेच त्याच्या मुळावर आलं. गिरणगावात कामगार मटका लावायचे तेव्हा आकडा नशिबाने लागतो हे तरी प्रत्येकाला ठाऊक होतं. संघ निवडून पैसे लावायच्या या अॅपवाल्यांनी पोरांना सांगितलं, हे नशीब नाही, तुझी हुशारी आहे. मोठमोठे खेळाडू येऊन सांगून गेले. हुशारीचा खेळ म्हटल्यावर हरलेला थांबेल कसा? त्याला वाटतं आज माझा अभ्यास कमी पडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला अशा अॅपवर दीड कोटी लागले, तेव्हा आपल्या पारावर दुसरा विषय नव्हता. थोड्याच दिवसांत ते निलंबित झाले, ते मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. एकाला लागलं की गावाला कळतं. बाकीचे आपल्या घरातसुद्धा बोलत नाहीत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून २० हजार कोटींच्या आसपास घालवतात, असा सरकारी अंदाज तेव्हा सांगितला गेला. असला खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, आणि ते मला योग्य वाटतं. लगोलग आशिया चषकात आपला संघ छातीवर कोणाचं नाव न घेता उतरला, कारण ते नाव अशाच अॅपचं होतं. देशाच्या संघाच्या जर्सीवर आपण ते नाव मिरवलं आणि पोरांनी ते अॅप उघडलं की त्यांना बोल लावला, हे बरोबर झालं नाही. अॅप बंद झाली, पण आयडी देणारे गेले नाहीत. ते टेलिग्रामवर आहेत, आणि तुझ्या ओळखीच्या मुलाच्या रूपात तुझ्यापर्यंत पोचलेत.

मी शर्यतीच्या विरुद्ध नाही, हे तुला माहीत आहे. शाळेत खो-खो खेळताना खुंटाला वळसा घालताना गुडघे फोडून घेतलेली बाई आहे मी. आपल्याकडच्या यात्रेतल्या कुस्त्या बघ. लहान पोरं रेवड्यांवर लढतात, मग नारळावर, मग शंभर, पाचशे, आणि शेवटच्या कुस्तीला गाव वर्गणी काढून इनाम लावतं. तिथेही पैसाच आहे. पण तो सगळ्यांसमोर पुकारलेला, आणि घाम गाळणाऱ्याच्या हातात जाणारा. कुस्ती नुरा, म्हणजे आधीच ठरवून केलेली, आहे असा नुसता संशय आला तरी बघे उठून उभे राहतात, ओरडतात, पंच आखाड्यात उतरून जोड सोडवतो. मातीतल्या पैलवानाला एवढी भीती पुरते. तुझ्या ओळखीचा तो मुलगा ज्या बाजारातून आलाय तिथे ओरडणारं कोणी नाही, कारण कुठली कुस्ती नुरा आहे हे आधी कळावं यासाठीच सगळे पैसे मोजताहेत.

तर आता काय करायचं ते सांगते. त्या मुलाला फोन करून भांडू नकोस. त्याचे मेसेज पुसूही नकोस, जपून ठेव. उद्याच तुझ्या प्रशिक्षकांना एकट्याने भेट आणि सगळं सांग, मेसेज दाखव. लाज वाटेल, वाटू दे. पुढे तू महाराष्ट्राच्या संघात गेलास, आणि जाशील असं मला मनापासून वाटतं, तर बोर्डाच्या नियमाप्रमाणे असं कोणी आलं की ताबडतोब कळवणं तुझ्यावर बंधनकारकच असेल. ती सवय आत्ताच लाव. सामन्याच्या आदल्या रात्री संघाबद्दल कोणाशीही बोलायचं नाही, खोलीतल्या मित्रांशीही नाही.

आणि एक गोष्ट मी विचारणार आहे, खरं उत्तर दे. तू स्वतः कुठे पैसे लावतोस का? त्या मुलाला तुझ्याकडेच यावंसं का वाटलं, याचा विचार करताना मला ही शंका आली. लावत असशील, कोणाचं देणं असेल, तर आकडा मला सांग, तुझ्या बाबांना मी सांगेन, कसं सांगायचं ते माझं मी बघेन. अॅपवरून कर्ज काढून ते फेडू नकोस, त्या व्याजाची रीत मी बँकेत बसून पाहिली आहे. देणं असेल ते आपण घरातून फेडू, पण तुझ्याकडे रोख देणार नाही, मी तुझ्याबरोबर येईन.

येत्या शनिवारी कोल्हापूरहून निघ. येताना मागच्या सहा महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट काढून आण, मोबाइलवर नको, कागदावर. वहिनीला यातलं काही बोललेले नाही. प्रशिक्षकांना भेटलास की रात्री फोन कर, कितीही उशीर झाला तरी मी जागी आहे.

तुझी
आत्या