प्लेन्सचा सुतार

सन १९८१ च्या जानेवारी महिन्यात जिमी कार्टर अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले. आदल्या नोव्हेंबरातील निवडणुकीत त्यांचा मोठा पराभव झाला होता. निरोपाच्या वेळी सहकाऱ्यांनी वर्गणी जमविली. प्रथम त्यांना एक जीपगाडी द्यावी असा विचार होता. परंतु शेवटी त्यांची आवड ओळखून सुतारकामाची हत्यारे व यंत्रे देण्याचे ठरले. राष्ट्राध्यक्षाला रंधा आणि करवत! पण इतकी समयोचित भेट क्वचितच कोणाला मिळाली असेल.

कार्टर जॉर्जिया राज्यातील प्लेन्स या आपल्या लहानशा गावी परतले, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. भुईमुगाच्या व्यापाराची वखार इतरांच्या हाती सोपवून ते राजधानीस गेले होते. परत येऊन पाहतात तो तिच्यावर सुमारे दहा लाख डॉलरांचे कर्ज! पुढे काय करावे, हे सुचेना. अशा वेळी त्यांनी व पत्नी रोझलिन यांनी जे पहिले काम हाती घेतले, ते होते घराच्या माळ्यावर फळ्या बसविण्याचे.

हे काम त्यांना नवखे नव्हते. बालपणी वडिलांच्या शेतावरच लोहारकाम व सुतारकाम चाले. पुढे नौदलात अधिकारी असताना हवाई बेटांवर त्यांनी आपल्या बिऱ्हाडासाठी सामान तयार केले होते. आता मोटार ठेवण्याची खोली हीच त्यांची कार्यशाळा झाली.

तेथे त्यांनी पाळणे, कपाटे, मेजे असे पुष्कळ काही घडविले. पण खरी मौज होती ती ओल्या लाकडाच्या खुर्च्यांत. हिकरी हा अमेरिकेतील एक चिवट लाकडाचा वृक्ष. तो तोडून त्याचे ओंडके फोडावयाचे आणि लाकूड ओले आहे तोवरच दुमुठी सुरीने तासून खुर्चीचे पाय करावयाचे. आडव्या दांड्या मात्र चांगल्या वाळवून घ्यावयाच्या. ओल्या पायांना भोके पाडून त्यांत या सुक्या दांड्या ठोकून बसविल्या, की माणसाचे काम संपले व लाकडाचे सुरू झाले! पायातील ओलावा शोषून दांडीचे टोक किंचित फुगते. उलट पाय सुकत जातो तसतसा आकसतो आणि दांडीला घट्ट आवळून धरतो. ना खिळा, ना सरस. तरी सांधा वर्षानुवर्षे हालत नाही. बैठक विणावयाची तीही त्याच झाडाच्या आतल्या सालीच्या पट्ट्यांनी, बाज विणावी तशी. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे. पाय जरा अधिक वाळला, तर तो दांडीला आवळणार कसा?

सन १९८२ मध्ये स्थापन झालेल्या कार्टर सेंटर या संस्थेच्या मदतीसाठी त्यांनी आपल्या हातच्या वस्तू लिलावात दिल्या, आणि लोकांनी त्या मोठ्या किमतीस घेतल्या. १९८४ पासून तर ते गरिबांची घरे बांधणाऱ्यांच्या मेळाव्यात हातोडा घेऊन सामील होऊ लागले. म्हातारपणीही हा क्रम त्यांनी चालू ठेवला. २९ डिसेंबर २०२४ रोजी ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या वयाची शंभर वर्षे पूर्ण झाली होती.

त्यांनी घडविलेल्या साऱ्याच वस्तू काही लिलावात गेल्या नाहीत. चार खांबांचा एक पलंग त्यांनी स्वतःसाठी व रोझलिनसाठी केला होता. तो प्लेन्सच्या घरातच राहिला.