पुनवेच्या रात्रीचं बोलणं

डिचोली, रविवार

चि. बाबू,

पेडण्याच्या पुनवेला, भगवतीच्या देवळाजवळ चार माणसांत तू दादाला ‘जमीनखाऊ’ म्हणालास असं कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नकोस; पेडण्याहून डिचोलीला यायला बातमीला बस लागत नाही. त्या रात्री घशाखाली घास उतरला नाही माझ्या. तुझ्या बाबांचा आणि काकांचा अबोला कुठवर गेला, ते पाहिलंयस ना तू?

काजूच्या बागेवर दादाचा डोळा आहे, म्हणे. असेलही थोडा, तो काही संत नव्हे. २०२३ च्या जानेवारीत मोपाहून विमानं उडायला लागली, तेव्हापासून तुमच्या तालुक्यात जमिनीवर डोळा नाही कोणाचा? पण बागेचा एक-चौदाचा उतारा घेऊन दलालाकडे दर विचारायला कोण गेलं होतं रे? दादा, की तू? तेही माझ्या कानावर आलंय.

बी.एड.ला आम्हाला ‘प्रक्षेपण’ होतं. फ्रॉइडने १८९५ मध्येच आपल्या डॉक्टर मित्राला, फ्लीसला, कळवलं होतं, की स्वतःला लावायचा जो बोल मनाला सोसवत नाही, तो मन बाहेर ढकलतं, दुसऱ्याच्या माथी मारतं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. ‘चोराच्या मनात चांदणं’ आपण म्हणतोच, पण चोराला निदान आपण चोर आहोत हे माहीत असतं. पुनवेला भूतनाथाच्या तरंगापुढे झपाटलेली माणसं आणतात, त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक असतं की काहीतरी ह्याच्याच अंगात आहे. तुला मात्र अगदी मनापासून वाटत होतं, की हाव एकट्या दादालाच सुटलीय. म्हणून भीती वाटते मला.

दुसऱ्याचा दोष नुसता दिसला, तर माणूस नाक मुरडतो आणि आपल्या कामाला लागतो. चार ठिकाणी सांगितल्याशिवाय चैन पडेना, अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्याशी भांडण चालू राहिलं, की समजावं, पाणी दुसरीकडे मुरतंय.

माझंच बघ. तुझी आई लग्न होऊन आली त्या वर्षी शिरगावच्या जत्रेला मोगऱ्याची माळ घालून निघाली. मी तिला ‘मिरवणारी’ ठरवली, आणि पुढे कितीतरी वर्षं ज्याला त्याला तेच सांगत सुटले. मिरवायची हौस होती मला! पण माझ्या बाबांच्या धाकात केसात फूल घालायचं धाडस नव्हतं. ती बिचारी दर नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या पाठवायची, वर ‘गूळ तुमच्या आवडीचा घातलाय’ असा निरोप. हौस माझीच होती, हे तिला कधी सांगितलं नाही. आता सांगायला ती नाही.

जास्तच बोलले असेन. तू मुळात वाईट नाहीस रे. लहानपणी खिशातले काजू आधी दादाला देणारा तू. पैशाची नड नसती तर तू दलालाची पायरी चढला नसतास, एवढं मला कळतं. गाडीचे हप्ते थकलेत का? दादाला माहीत आहे का? मला सांगायला लाजू नकोस. पेन्शन येते, आणि माझा एकटीचा खर्च तो काय!

दिवाळीला दोघेही पोहे खायला या. रसातले तुला, ताकातले त्याला. त्याला मी बोलावणार नाही, तू घेऊन ये. वाटेत भांडलात तरी चालेल, पण एकाच गाडीतून या. आणि येताना ते हप्त्यांचे कागद आण.

तुझी,
आत्या