गुडघा निखळला तर आधी पाऊल पाहा



गुडघ्याला मार बसला की आपल्याकडे पहिली धाव तेलाच्या बाटलीकडे असते. साधा मुरगळलेला गुडघा विश्रांतीने बरा होतोही. परंतु गुडघ्याची एक इजा अशी आहे, की तीत चोळण्यात घालविलेली एक रात्र पायावर बेतू शकते. तिची ओळख प्रत्येक घरी असावी, म्हणून हा पाठ.

गुडघ्याची बांधणी

खुब्याच्या सांध्याला खोल खोबण असते, तशी गुडघ्याला नाही. मांडीचे हाड नडगीच्या हाडावर जवळजवळ टेकलेलेच असते. त्यांना धरून ठेवतात ते चार मुख्य अस्थिबंध. डॉक्टर त्यांना लिगामेंट म्हणतात. दोन बंध सांध्याच्या आत फुलीसारखे, एक आतील अंगास व एक बाहेरील अंगास असतो. मांडवाची एक दोरी तुटली तरी मांडव उभा राहतो. दोन-तीन तुटल्या की तो कलतो. गुडघ्याचेही तसेच आहे.

चिखलणीच्या वेळी पाय रुतलेला असताना अंग वळले, तर बहुधा एखादाच बंध तुटतो. ट्रॅक्टरवरून किंवा झाडावरून पडणे, बैलाची धडक, मोटारसायकलचा अपघात अशा जबर माराने मात्र अनेक बंध एकदम तुटून गुडघा निखळतो. पुष्कळदा तो आपोआप जागेवर येतो, आणि येथेच माणूस फसतो. गुडघा सरळ दिसतो, एक्सरेत हाड शाबूत दिसते. सांध्याचे आवरण फाटून रक्त पोटरीकडे उतरल्यास सूजही बेताचीच असते.

खरा धोका

गुडघ्याच्या मागच्या खळगीतून पायाला रक्त पुरविणारी मुख्य धमनी जाते. हाडे सरकली की ती ताणली जाते. फाटते किंवा आतून चिरून तिच्यात गुठळी होते. मग खालचा पाय रक्तावाचून मरू लागतो. १९७७ साली ग्रीन व अ‍ॅलन या अमेरिकन डॉक्टरांनी निखळलेल्या २४५ गुडघ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धमनीची इजा झालेल्यांपैकी ज्यांची धमनी आठ तासांच्या आत दुरुस्त झाली, त्यांतील ८९ टक्के पाय वाचले. ज्यांना त्याहून उशीर झाला, त्यांतील ८६ टक्के पाय कापावे लागले. अलीकडच्या नोंदींत धमनीच्या इजेचे प्रमाण त्या वेळेपेक्षा कमी आढळते आणि शस्त्रक्रियाही सुधारली आहे. पण रक्तावाचून पाय किती वेळ तग धरतो, ती मर्यादा काही बदललेली नाही.

घरच्यांनी काय करावे

१. दोन्ही पावले उघडी करून ताडून पाहावीत. दुखरे पाऊल गार, पांढरे किंवा निळसर पडले आहे काय? बोटांना स्पर्श कळतो काय? पाऊल वर उचलता येते काय? न आल्यास गुडघ्याच्या बाहेरील बाजूच्या मज्जातंतूला इजा झाली असावी.

२. चोळू नये, ओढू नये, गुडघा बसवून घेण्यासाठी कोणाकडेही नेऊ नये.

३. पाय आहे त्या स्थितीत मांडीपासून घोट्यापर्यंत दोन फळ्यांमध्ये किंवा उशीत ठेवून कापडाने सैलसर बांधावा. पाऊल उघडेच ठेवावे. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे.

४. शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असतो, म्हणून काही खाऊ-पिऊ घालू नये. १०८ वर फोन करावा व धमनीची शस्त्रक्रिया होते अशाच मोठ्या इस्पितळात न्यावे. इजा किती वाजता झाली ते लिहून न्यावे.

पाऊल ऊबदार असले आणि नाडी लागली, तरी निर्धास्त होऊ नये. गुठळी मागाहूनही होते. म्हणून डॉक्टर घोट्याचा व हाताचा रक्तदाब ताडून पाहतात, गरज पडल्यास धमनीचे सी.टी. चित्र काढतात व एक-दोन दिवस देखरेखीखाली ठेवतात. लवकर घरी जाण्याचा हट्ट धरू नये.

पुढील उपचार

आधी धमनी, मग बंध, असा क्रम असतो. कोणते बंध तुटले ते एम.आर.आय. तपासणीत कळते. केवळ आतील अंगाचा बंध तुटला असेल, तर तो बहुधा पट्ट्याच्या आधाराने व व्यायामाने जुळतो. अनेक बंध तुटले असता बहुतेकांना शस्त्रक्रिया लागते. काही बंध शिवतात, काहींच्या जागी दुसरा स्नायुरज्जू बसवितात. काहींच्या बाबतीत हे काम पहिल्या तीन आठवड्यांच्या सुमारास करणे सोयीचे असते.

शस्त्रक्रियेने काम अर्धेच होते. उरलेले अर्धे व्यायामाने होते. मांडीचे स्नायू बळकट करणे व गुडघा हळूहळू वाकविणे हे महिनोन् महिने चालते. जड कामाला नऊ महिने ते एक वर्ष लागू शकते, आणि काहींचा गुडघा पूर्वीइतका वाकत नाही. उकिडवे बसून भांगलणे किंवा देवळात गुडघे टेकणे डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. तोवर मिस्सेत खुर्चीवर बसण्यात कमीपणा मानू नये.

एक लावणीचा हंगाम बुडाला तर शेजारपाजारच्या पैऱ्याने भरून काढता येतो. गेलेला पाय मात्र परत येत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच: जबर मार लागला की आधी पाऊल पाहा, मग घड्याळ पाहा, आणि निघा.