बांधलेली घोडी आणि गव्हाणीची कड

प्रश्न : लग्नसराई संपल्यावर वरातीची घोडी दिवसभर तबेल्यात बांधून असते आणि गव्हाणीची कड दातांत धरून हवा ओढते. ही खोड कशी मोडावी?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : एकच क्रिया निर्हेतुक भासेल अशी पुनःपुन्हा होते, तेव्हा तिला साचेबद्ध वर्तन म्हणतात, ती जनावराची खोडी नसून कोंडलेपणाची खूण आहे. मोकळा घोडा दिवसाचे बारा ते सोळा तास चरतो, त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरते आणि ते सौम्य करणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. म्हणून दोन वेळची चंदी देऊन मधले तास रिकामे ठेवले, तर पोटात जळजळ आणि व्रण होण्याचा धोका वाढतो. सुके गवत बारीक छिद्रांच्या जाळीत, दिवसातून चार-पाचदा विभागून द्यावे. जाळी मात्र खूर अडकणार नाही इतकी उंच बांधावी. रोज काही वेळ दावे सोडून घोडीला मऊ मातीत लोळू द्यावे आणि दुसरा घोडा तिच्या नजरेच्या टप्प्यात असावा, कारण कळपातील प्राण्याला एकटेपणा फार जाचतो. गळ्याला आवळपट्टा बांधणे सर्वथा चुकीचे. त्याने क्रिया थांबते, ताण वाढतो. ही सवय पुष्कळदा दूध तोडल्यानंतर धान्याचा मारा झाल्याने जडते, तेव्हा सारंगखेड्याच्या यात्रेतून शिंगरू घेणाऱ्यांनी त्याच्या आहाराची चौकशी अवश्य करावी. जुनी सवय पूर्णपणे सुटेलच असे नाही. तरीही पशुवैद्यकाकडून घोडीचे दात व पोट लवकर तपासून घ्यावे.