बाटली खाली आहे



मी सहावीत होतो. आम्ही नुकतेच मालेगावहून जुन्या नाशिकमध्ये राहायला आलो होतो. मला मराठी थोडीच येत होती. शेजारच्या आजींना दमा होता. एका संध्याकाळी त्यांना जोराची धाप लागली. कपाटाकडे बोट दाखवून त्या कशाबशा म्हणाल्या, "बाटली खाली आहे." औषध संपले असे समजून मी भद्रकालीत धावत गेलो आणि नवी बाटली आणली. येऊन पाहतो तो काय! भरलेली बाटली कपाटाच्या खालच्या खणातच होती. नशिबाने त्यांच्या सूनबाईंनी ती शोधून औषध दिले होते.

माझ्या घरी 'खाली' म्हणजे रिकामे, आजींच्या घरी 'खाली' म्हणजे तळाशी. उर्दूत लिहून दाखवले असते, तर मी चुकलो नसतो. आपला अरबीतून आलेला 'खाली' आपण 'खे'ने लिहितो. मराठीतल्या 'खाली'ला काफ आणि दोचश्मी हे लागतील. देवनागरीत मात्र दोघांना एकच ख. पूर्वी मराठीत 'खालीं' असा अनुस्वार देत. तो बोलताना ऐकू येत नसे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुस्वार गेले. आपले कष्ट वाचले खरे, पण एक खूणही गेली. म्हणून बाटलीत काही नसेल, तर मराठीत 'रिकामी' म्हणा.

'नाव' या शब्दाचेही असेच झाले. पूर्वी माणसाचे 'नांव' आणि नदीतली 'नाव' असे वेगळे लिहीत. उर्दूतही नाव म्हणजे होडीच. आता येथे लिंग मदतीला येते. होडी या अर्थी नाव स्त्रीलिंगी, दुसरे नपुंसकलिंगी. गोदावरीत 'नाव बुडाली' असे ऐकले, तर मदतीला धावा. शाळेचे 'नाव बुडाले' म्हटले, तर पट्टीचा पोहणाराही काय करणार?

कधी वेलांटी पाहावी लागते. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. मराठी बोलण्यात दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. त्यात आपला 'दीन' म्हणजे धर्म, हा तिसरा! एका वहीत मी 'स्वातंत्र्य दीन' असे वाचले. १५ ऑगस्टला झेंडा फडकला आणि स्वातंत्र्य बिचारे गरीब झाले!

'अर्ज' मात्र सोपा आहे. उर्दूत ऐनने लिहिला तर विनंती, अलिफने लिहिला तर पृथ्वी. मराठीने विनंतीचा तेवढा घेतला. त्यामुळे सुट्टीसाठी अर्ज दिला, तर गुरुजी पृथ्वी मागितली असे समजत नाहीत. सुट्टी देतात की नाही, हा प्रश्न वेगळा.