दोन वॉशच्या मधली वाट

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. वर्षभर जलरंगात निसर्गचित्रे काढते. सुरुवात छान होते, पण शेवटी चित्र मळकट होते. क्लासमधल्या इतरांचे तासाभरात आटोपते. माझ्या हातात कलाच नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, दोष हातात नाही, घाईत आहे. जलरंग झरझर उरकायचे असतात, हा समज अर्धाच खरा. ब्रश कागदावर असताना हात चपळ हवा, पण दोन वॉशच्या, म्हणजे रंगाच्या पातळ थरांच्या, मध्ये थांबावेच लागते. पहिला थर अर्धवट ओला असताना त्यावर ब्रश फिरवला, की खालचा रंग उचलला जातो आणि सगळ्याचा चिखल होतो. वर पाणी जास्त पडले तर फुलकोबीसारखे डाग उमटतात.

कागदाची चकाकी गेली म्हणजे तो वाळला असे नाही. हाताची पालथी बाजू हलकेच टेकवा. गार लागला तर आत ओल आहे. पावसाळ्यात वेळ अधिक लागतो. हेअर ड्रायर चालेल, पण चकाकी गेल्यावर आणि लांबूनच. नाहीतर ओला रंग ढकलला जातो. कागद ३०० जीएसएमचा घ्या, पातळ कागद फुगतो. थांबणे जमत नसेल तर दोन चित्रे एकदम सुरू करा : एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम.

महिनाभर पूर्ण चित्राचा आग्रह सोडा. रोज आकाशाचा एक वॉश द्या, पूर्ण वाळला की मगच डोंगर घाला. आणि जलरंग वाळल्यावर फिके पडतात. तेव्हा चित्र बरे की वाईट, हे दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडातच ठरवा.